पीटीच्या सरांचं कूळ

परभणी सोडून गाडी मनमाडकडे निघाली की पेडगाव लागतं. (वेड पांघरून जायचं पेडगाव ते वेगळं, श्रीगोंद्याकडचं.) या भागातल्या शाळांमध्ये कबड्डी-खोखोचे संघ घडवणारा माणूस म्हणजे पीटीचे सर. त्यांचं कूळ शोधू लागलं की एक धागा तालमीतल्या वस्तादाकडे जातो आणि दुसरा, आश्चर्य वाटेल, अमेरिकेतल्या फुटबॉलच्या मैदानावर.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएची शिक्षक घडवणारी शाळा होती. 1890 मध्ये तिथे अमोस अलोन्झो स्टॅग फुटबॉल शिकवायला आला. त्याच्या संघातल्या जेम्स नायस्मिथने पुढच्याच वर्षी बास्केटबॉल शोधून काढला. 1892 मध्ये शिकागो विद्यापीठाने स्टॅगला प्राध्यापकांच्या बरोबरीने कायम नेमणूक दिली. खेळ शिकवणं हा विद्यापीठातला पगारी पेशा होऊ लागला तो या सुमारास. त्याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेला हॅरी क्रो बक भारतात आला आणि 1920 मध्ये त्याने मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण विद्यालय काढलं. शिट्टी, कवायत आणि अभ्यासक्रम घेऊन बाहेर पडणारा क्रीडा शिक्षक तिथे तयार होऊ लागला.

महाराष्ट्रात मात्र घरचं बियाणं आधीच पेरलेलं होतं. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. पुढे 1938 मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची संस्था काढली. परभणी-पेडगावचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, मुंबई राज्यात आला तो 1956 मध्ये.

या दोन घराण्यांच्या संगमातून आपले सर आले, पण अमेरिकेतली एक गोष्ट आली नाही : पायऱ्या. तिथे खेळ सोडलेला पोरगा तुटपुंज्या मानधनावर मदतनीस म्हणून लागतो. मग त्याच्याकडे एखादी फळी सोपवतात, पुढे सगळ्या चढाईची किंवा बचावाची सूत्रं येतात, आणि नशीब असेल तर तो मुख्य प्रशिक्षक होतो. या वाटेत चार गावं बदलतात आणि मुख्य प्रशिक्षकाला नारळ मिळाला की बहुधा मदतनीसांचंही बिऱ्हाड उठतं. तरी मदतनीस असणं कमीपणाचं नाही. खुद्द स्टॅग ऐंशी उलटल्यावर मुलाच्या हाताखाली संघाला शिकवत होता.

तालमीतही जुना पठ्ठा नव्यांकडून जोर-बैठका काढून घेतो, डाव घोटवतो. तोही सहाय्यकच, फक्त त्याला हुद्दा नाही आणि पगारही नाही. आणि शाळेत? सरांना बढती मिळाली तर पर्यवेक्षकाची किंवा मुख्याध्यापकाची, म्हणजे मैदान सोडून कचेरीत बसायची. चांगला शिकवणारा माणूस वर चढला की पोरं त्याला मुकतात, हा उलटा न्याय मला कधी पटलेला नाही.

1961 मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली, तिथली प्रशिक्षकाची पदविका घेऊन मराठी मुलं येऊ लागली. 1985 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. पुरस्कार हवेतच. पण शिक्षण खात्याने सेवानियमांत मैदानावर राहूनच चढता येईल अशी निदान एक पायरी घालावी. पेडगावसारख्या गावांना तिचा जास्त उपयोग होईल.