सर्पोद्यानाची सहल

शिरूर व दौंड हे पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांतील दोन तालुके. पाऊस बेताचाच, परंतु कालव्यांचें पाणी आलें तशी उसाची लागवड वाढली, उसामागें उंदीर आले आणि उंदरांमागें साप. येथील मुलास सापाची ओळख पुस्तकांतून करून घ्यावी लागत नाहीं. ती गोठ्यांत, बांधावर, क्वचित् अंथरुणापाशींही होते. मात्र ही ओळख पिढ्यान् पिढ्या दोनच प्रकारची होती. नागपंचमीस दूध आणि लाह्या, एरव्हीं काठी. पूजणारा काय आणि मारणारा काय, दोघांनींही सापाकडे निरखून असें कधीं पाहिलें नव्हतें.

तें पाहण्याची सोय पुण्यास झाली. सन १९८० मध्यें नीलिमकुमार खैरे या तरुणानें कांचेच्या खोलींत ७२ विषारी सापांसमवेत ७२ तास काढले. डिवचल्यावांचून साप चावत नाहीं, हें लोकांस प्रत्यक्ष दिसावें, हा त्यांतील हेतु. पुढें १९८६ सालीं त्यांच्याच पुढाकारानें कात्रज येथें सर्पोद्यान उभें राहिलें. १९९९ सालीं त्यास जोडून राजीव गांधी प्राणिसंग्रहालय खुलें झालें.

सुटीच्या दिवसांत शिरूरचीं कुटुंबें एस. टी.नें नगर रस्त्यानें येत, दौंडचीं आगगाडीनें. आणि स्वारगेटहून सारीं कात्रजची बस धरीत. भाकरी-चटणी फडक्यांत बांधलेली, सोबत आजीही असे. कठड्यावरून वाकून पाहतांना मुलांस नवलच वाटे. नाग समजून गांवांत जिला ठेचीत, ती उंदीर खाणारी बिनविषारी धामण! मण्यार म्हणून ज्याचें भय, तो निरुपद्रवी कवड्या! आणि अजगराचें पिलूं म्हणून ज्याला हात लावण्यास कोणी धजे, ती जहाल विषाची घोणस!

“आजी, नाग दूध पीतच नाहीं म्हणे!” एखादा नातू सांगे.

“न पिईना बापडा,” आजी म्हणे, “पण त्याला मारूं नये, हें आपल्या सणानें सांगितलेंच होतें कीं नाहीं?”

दोघांचेंही म्हणणें खरें होतें.

ओळखींतील चूक प्राणावर बेतते. भारतांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारें १२ लक्ष माणसें सर्पदंशानें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतील. बहुसंख्य साप बिनविषारी असतात. म्हणून मांत्रिकाकडे नेलेला रोगी पुष्कळदां वांचे आणि मंत्राचें नांव होई. पण दंश घोणशीचा असला कीं तेच गेलेले तास घातक ठरत. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषावर घोड्याच्या रक्तापासून केलेलें प्रतिविष चालतें. मुंबईच्या हाफकिन संस्थेचें तें मोठें कार्य. परंतु तें वेळेवर टोंचलें पाहिजे.

कठड्यावर वाकलेलीं तीं मुलें आतां स्वतः आईबाप झालीं आहेत. गांवांतील काठी अद्याप सुटलेली नाहीं. तथापि साप निघाला असतां सर्पमित्रास बोलावणारें, आणि दंश झाला असतां देवळाची पायरी न चढतां प्रथम दवाखाना गांठणारें घर आज आढळतें. त्या एका दिवसाच्या सहलीचें हें फळ थोडें नव्हे.