लघुप्रबंध लिहिताना : उसने किती, स्वतःचे किती?

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याचे वर्षभराचे वाचन, टिपणे आणि लेखन अखेरच्या महिन्यात एका आकड्यापाशी येऊन थांबते. लघुप्रबंध संगणकीय तपासणीसाठी जातो आणि परत येतो तो साम्याची टक्केवारी घेऊन. तिच्याविषयी विद्यार्थ्यांमध्ये भीती आहे आणि गैरसमजही आहेत. दहा टक्क्यांच्या आत आले म्हणजे सारे निर्मळ, हा त्यांपैकी सर्वांत पसरलेला समज.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हा प्रश्न एम.ए.च्या वर्गापुरता राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह विशेष पदवी घेता येते. त्यासाठी १२ श्रेयांकांचा लघुप्रबंध लिहावा लागतो. विशीतल्या मुलाला किंवा मुलीला तळटीप, संदर्भसूची आणि अवतरण यांचे शास्त्र आता पदवीच्या टप्प्यावरच अवगत असावे लागते. शाळा-महाविद्यालयांत ते क्रमशः शिकवले जात नाही. बहुतेकांना ते मार्गदर्शकाच्या लाल शाईतूनच कळते.

नियम नेमका काय सांगतो

वाङ्मयचौर्याला प्रतिबंध करणारे आयोगाचे विनियम २०१८ चे आहेत. दुसऱ्याचे लेखन किंवा कल्पना स्वतःची म्हणून पुढे करणे, अशी वाङ्मयचौर्याची व्याख्या त्यांत केली आहे. ‘कल्पना’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. त्याकडे पुन्हा वळावे लागेल.

प्रबंधातील साम्याचे चार स्तर ठरवले आहेत. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते आणि त्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांदरम्यान साम्य आढळल्यास सुधारित प्रबंध ठरावीक मुदतीत सादर करावा लागतो. ही मुदत सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही. ४० ते ६० टक्क्यांसाठी वर्षभर सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई होते. ६० टक्क्यांपलीकडे नोंदणीच रद्द होते. हे दंड पदव्युत्तर आणि त्यापुढील पदव्यांच्या प्रबंधांसाठी आहेत. वर्गातील स्वाध्याय, प्रकल्प अहवाल किंवा उत्तरपत्रिका त्यांच्या कक्षेत येत नाहीत. चौथ्या वर्षाच्या पदवी लघुप्रबंधाला कोणती मर्यादा लागू आहे, हे विद्यार्थ्याने विषय नोंदवतानाच विभागाकडून लेखी समजून घेतलेले बरे.

मोजणीतून काय वगळले जाते, हेही विनियमांत आहे. श्रेय देऊन केलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाणित चिन्हे व समीकरणे धरली जात नाहीत. सर्वज्ञात माहिती किंवा योगायोगाने जुळलेली सलग १४ शब्दांपर्यंतची रचनाही सोडली जाते. त्यामुळे आकडा पाहून घाबरण्यापूर्वी ही वगळणी करून तपासणी झाली आहे का, हे विचारावे. दोनशे ओव्या उद्धृत करणाऱ्या प्रबंधाचे साम्य वगळणीविना मोजले, तर ते फुगणारच.

तपासणीची सोय विद्यापीठांना व्हावी म्हणून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत २०१९ मध्ये ‘शोधशुद्धी’ ही योजना सुरू झाली. याच केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात देशभरातील पीएच.डी. प्रबंध खुले आहेत आणि त्यांत मराठी प्रबंधही पुष्कळ आहेत. विषय ठरवण्याआधी तेथे शोध घेतला, तर आपण करू पाहतो ते काम आधीच झाले आहे का, हे कळते. मात्र तेथील प्रत्येक प्रबंध आदर्श समजू नये. काहींच्या संदर्भसूचीत वर्ष नाही, काहींत प्रकाशकाचे नाव नाही. जुना प्रबंध समोर ठेवून त्याचा साचा उचलला की हे दोषही उचलले जातात.

शब्द बदलले म्हणजे लेखन आपले होत नाही

समजा, एखाद्या ग्रंथात असे वाक्य आहे : ‘गोव्यात मुद्रणकला १५५६ साली आली, परंतु देवनागरीत मराठी ग्रंथ तेथे छापले जाण्यास फार काळ जावा लागला.’ विद्यार्थी लिहितो : ‘गोमंतकात छपाईची कला १५५६ मध्ये दाखल झाली, मात्र देवनागरीत मराठी पुस्तके तेथे मुद्रित होण्यास बराच कालावधी लागला.’ येथे ‘काळ’चा ‘कालावधी’ झाला, पण वाक्याचा सांगाडा, क्रम आणि विचार तिघेही मूळ लेखकाचे राहिले. संगणकाला हे साम्य कदाचित दिसणार नाही. अनुभवी परीक्षकाला मात्र दिसते. तळटीप दिली तरी ही रचना सदोषच राहते, कारण वाचकाला हे शब्द विद्यार्थ्याचे वाटतात.

मूळ वाक्याचा विचार पचवून तो आपल्या मुद्द्याच्या कामी लावला, तर लेखन वेगळे होते : ‘छापखाना होता, पण देवनागरी खिळे नव्हते. त्यामुळे फादर स्टीफन्स यांचे मराठी पुराण रोमन लिपीत छापले गेले, आणि ओवीच्या वाचकापेक्षा वेगळाच वाचक त्याला लाभला.’ येथे तळटीप मुद्रणाविषयीच्या माहितीपुरती लागते. वाचकाविषयीचे विधान विद्यार्थ्याचे आहे आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच.

भाषांतराचेही असेच आहे. इंग्रजी किंवा पोर्तुगीज ग्रंथातील परिच्छेद मराठीत आणून श्रेय न देणे हा सर्रास घडणारा प्रकार आहे. तपासणीत तो बहुधा निसटतो, म्हणून तो निर्धोक वाटतो. परंतु व्याख्येतला ‘कल्पना’ हा शब्द येथेच लागू पडतो. अ. का. प्रियोळकरांचा भारतीय मुद्रणाच्या इतिहासावरील १९५८ चा ग्रंथ इंग्रजीत आहे. त्यातील निष्कर्ष मराठीत मांडताना प्रियोळकरांचे नाव आणि पृष्ठ क्रमांक आलाच पाहिजे, शिवाय भाषांतर कोणाचे तेही नोंदवले पाहिजे.

ख्रिस्तपुराण : कोणत्या प्रतीतून?

संदर्भ देणे म्हणजे लेखक, पुस्तक आणि वर्ष लिहिणे एवढेच, असे ज्यांना वाटते त्यांनी गोमंतकीय मराठीचाच एक ग्रंथ उदाहरणादाखल घ्यावा. स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. आज वाचले जाते ते हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध केलेल्या संपादनांतून : सालढाणा यांची मंगळूरची १९०७ ची रोमन लिपीतील आवृत्ती, शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती, फादर नेल्सन फालकाव यांची अर्वाचीन मराठी गद्यासह आलेली २००९ ची आवृत्ती. शिवाय लंडनमध्ये जतन केलेली मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित प्रत वेगळीच. रोमन परंपरेतील पोर्तुगीज शब्दांच्या जागी तिच्यात अनेक ठिकाणी संस्कृत वळणाचे शब्द येतात.

स्टीफन्स यांच्या शब्दकळेवर लघुप्रबंध लिहिणाऱ्याने संदर्भसूचीत नुसते ‘ख्रिस्तपुराण, १६१६’ असे लिहिले, तर त्याने कोणीही न पाहिलेल्या पुस्तकाचा हवाला दिला असे होते. त्याच्या हातात बंडेलू प्रत असेल तर नोंद बंडेलू प्रतीची हवी आणि मूळ प्रकाशनवर्ष हवे असल्यास कंसात. अवतरण देतानाही पृष्ठ क्रमांकापेक्षा पहिले किंवा दुसरे पुराण, अवस्वर आणि ओवी क्रमांक दिल्यास कोणत्याही आवृत्तीच्या वाचकाला ती ओवी शोधता येते. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वर आहेत. एवढ्या विस्तारात ‘पृ. ११२’ ही खूण दुसरी आवृत्ती हाती असलेल्याच्या काही कामाची नाही. एखाद्या शब्दावरून निष्कर्ष काढायचा असेल, तर तो शब्द दुसऱ्या परंपरेत कसा आहे हे न पाहता काढलेला निष्कर्ष परीक्षेच्या वेळी एका प्रश्नात कोसळू शकतो.

हाच न्याय सर्वत्र लागू आहे : जे प्रत्यक्ष पाहिले त्याचीच नोंद करावी. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’मधील पत्र एखाद्या आधुनिक लेखकाच्या पुस्तकात वाचले असेल, तर ‘राजवाडे, … मध्ये उद्धृत’ असे स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा काही नाही.

शके, टोपणनावे आणि जुने अनुस्वार

मराठी साधनांच्या काही अडचणी इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाहीत. जुन्या पुस्तकांवर शक छापलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते. म्हणून जानेवारी ते मार्चमधील बहुतेक मजकुराला ७९ मिळवावे लागतात. महिना ठाऊक नसेल तर ‘शके १८२० (१८९८–९९)’ अशी जोडवर्षाची नोंद प्रामाणिक ठरते.

टोपणनावांचे धोरण आरंभीच ठरवावे. मुखपृष्ठावर ‘कुसुमाग्रज’ असेल तर नोंद कुसुमाग्रज या नावाने करून शिरवाडकरांकडे परस्पर संकेत द्यावा. शणै गोंयबाब आणि वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर ही एकाच व्यक्तीची नावे सूचीत दोन ठिकाणी दोन लेखक म्हणून येणे हा अक्षम्य वाटावा असा, पण प्रत्यक्षात घडणारा घोटाळा आहे.

शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘घरांत’, ‘केलें’ असे अनुस्वार असतात. अवतरणात ते जसेच्या तसे ठेवावेत. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली ते ‘दुरुस्त’ करते, म्हणून अवतरणे शेवटी मूळ प्रतीशी अक्षरशः ताडून पाहणे भाग आहे. स्वतःच्या वाक्यांत मात्र चालू नियमच पाळावेत.

साधने : उपयोगी कोणती, फसवी कोणती

लघुप्रबंध युनिकोडमध्येच टंकित करावा. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांत उमटतो. त्यात शब्द शोधता येत नाही आणि साम्यतपासणीलाही तो वाचता येत नाही. गावातल्या टंकलेखन केंद्रात काम देताना हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा. शेवटच्या आठवड्यात रूपांतर करू गेल्यास जोडाक्षरे आणि रफार बिघडतात. स्वतः टंकायला शिकणाऱ्यासाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक सर्व संगणकांत विनामूल्य असतो.

संदर्भांची नोंद ठेवण्यासाठी झोटेरो ही विनामूल्य आज्ञावली चांगली आहे. देवनागरी नोंदी ती नीट सांभाळते. परंतु तिच्यातील बहुतेक शैली इंग्रजी ग्रंथांसाठी रचलेल्या असल्याने मराठी सूचीत मध्येच इंग्रजी ‘अँड’ किंवा ‘एडिटर’ उगवतो. तो हाताने काढावा लागतो. अकारविल्हेही तपासावी : संगणक अनेकदा ‘ळ’ला ‘ल’नंतर लावतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. एमएलए की एपीए, हा निर्णय विभागाचा. एकाच सूचीत दोन्ही नकोत.

छापील पान मजकुरात रूपांतरित करणारी अक्षरओळख मराठीत आता बरीच सुधारली आहे, तरी ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांत ती अजून गोंधळते. ‘घन’चे ‘धन’ झालेले अवतरण अर्थही देते, म्हणूनच नजरेतून सुटते.

शब्दार्थासाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मराठी विश्वकोशही महाजालावर आहे. मात्र त्याच्या जुन्या खंडांतील नोंदी छापल्या गेल्या त्या काळाच्या आहेत, हे लक्षात ठेवून वापराव्यात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादयंत्रांचा वापर वाढला आहे. वाक्य सुटसुटीत करण्यास ती मदत करतात. संदर्भ विचारले की मात्र अस्तित्वातच नसलेली पुस्तके खऱ्या लेखकांच्या नावावर, प्रकाशक आणि वर्षासह देतात. मराठीत हा धोका अधिक, कारण मराठी ग्रंथांच्या नोंदी महाजालावर विरळ आहेत. अशी एक नोंद सूचीत सापडली की परीक्षक उरलेल्या सर्व नोंदींकडे संशयाने पाहतो. जी नोंद ग्रंथालयाच्या तालिकेत किंवा हातात दिसत नाही, ती गाळावी.

गोव्यातील विद्यार्थ्याला त्यासाठी दूर जावे लागत नाही. पाटो, पणजी येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे. पर्वरीचे झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्र आणि पणजीचे पुराभिलेखागार येथे महाजालावर नसलेली साधने पाहता येतात. जुन्या नियतकालिकांतून टिपण घेताना अंकाची तारीख, पान आणि स्तंभ तेव्हाच लिहून ठेवावा. पुन्हा तो गठ्ठा मिळेलच असे नाही.

ही टिपणे लघुप्रबंध सादर झाल्यावरही टाकू नयेत. वाङ्मयचौर्याची तक्रार आली, तर ती आधी विभागीय आणि मग संस्थेच्या समितीपुढे जाते. प्रत्येक समितीला अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. विद्यार्थ्याला आपली बाजू मांडता येते. तारखा घातलेली वही, मार्गदर्शकाच्या खुणा असलेले कच्चे मसुदे आणि ग्रंथालयाच्या पावत्या त्या वेळी त्याच्याजवळ असाव्यात.