यंत्र कोठे, पाळी कोणाची?

विज्ञान महाविद्यालयांतील संगणकाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा यंत्रांची वंशावळ सांगतो. आम्हांस तो अंतराचा इतिहास वाटतो. यंत्र कोठे होते आणि त्याच्यापर्यंत कोण पोचू शकत होते, हा त्यातला खरा प्रश्न.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला 'टिफ्रॅक' १९६० साली कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची. १९६४ साली तेथे सीडीसी ३६०० आला. त्यावर इतर संस्थांची गणितेही होऊ लागली. गणित पंच कार्डांवर उतरवायचे, गठ्ठा स्वाधीन करायचा आणि निकालाची वाट पाहायची, ही त्या काळची रीत. एका कार्डातली चूकही पुन्हा रांगेत उभे करी. म्हणजे संगणनसुविधा याचा अर्थ यंत्र नव्हे, यंत्रावरची पाळी.

ही पाळी वऱ्हाडापासून फार दूर होती. १९२३ साली स्थापन झालेल्या किंग एडवर्ड कॉलेजने, म्हणजे पुढच्या विदर्भ महाविद्यालयाने, अमरावतीत विज्ञानशिक्षण रुजवले. पण येथे स्वतंत्र विद्यापीठ होण्यास १९८३ साल उजाडले. तोवर नागपूरकडेच पाहावे लागे.

विरोधाभास असा, की देशाच्या महासंगणकाशी ज्यांचे नाव जोडले गेले ते विजय भटकर याच मातीतले, मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावचे. अमेरिकेने महासंगणकांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. एका प्रचंड यंत्राऐवजी अनेक लहान प्रक्रियकांत काम वाटून द्यावे, हे त्यामागचे तत्त्व. काम वाटता आले. सुविधा मात्र तितक्या सहज वाटली गेली नाही.

चिखलदऱ्याकडे पाहिले की हे अधिक जाणवते. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी व्याघ्रप्रकल्प झालेला मेळघाट संशोधनाला सामग्री पुरवीत आला आहे. २००६ सालच्या देशव्यापी व्याघ्रगणनेत पाऊलखुणांवरची जुनी मोजणी मागे पडली. कॅमेऱ्याने टिपलेले पट्टे ताडून पाहण्याची आणि संख्याशास्त्रीय अनुमानाची पद्धत आली. हे काम संगणकाविना होणे नाही. वाघ येथला, पायवाट येथली, ती तुडवणारा वनरक्षकही येथलाच. त्यांतून निघणारे गणित मात्र बहुधा दूरच्या संस्थेत सुटते.

आज संगणक स्वस्त आहे, खिशातही मावतो. तरीही घाट उतरून परतवाड्यामार्गे अमरावतीस जाणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्याच जंगलाची आकडेवारी स्वतः मांडून पाहिली का, हा प्रश्न उरतोच. प्रयोगशाळेत किती यंत्रे आहेत, ही मोजणी सोपी. त्यांवर किती विद्यार्थ्यांनी स्वतःचा प्रश्न सोडवला, ती मोजणी आपण अजून सुरू करावयाची आहे.