अनाथ बालिकांचें घर आणि त्याचा पैसा

निराधार मुलींसाठीं कोणी घर चालवूं लागलें, कीं समाज प्रथम विचारतो : पैसा कोठून येतो, आणि त्याच्या मोबदल्यांत काय द्यावें लागतें? दिव्यापासून कल्याणपर्यंतच्या आजच्या दाट वस्तींत वर्गणीची पावती पुढें आली, तरी हीच शंका उठते. महाराष्ट्रांत ती प्रथम कडाडून उठली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत निघालेलें हें सदन पुढल्याच वर्षीं पुण्यास आलें. रमाबाई १८८३ सालापासून ख्रिस्ती होत्या, आणि बोस्टनच्या रमाबाई असोसिएशननें दहा वर्षांचा खर्च पत्करला होता. सदन धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील असा करार होता. सल्लागारांत रानडे-भांडारकरांसारखे विद्वान् होते. परंतु रमाबाई मुलींत आईसारख्या वागत. त्यांच्या प्रार्थनेच्या वेळीं खोलीचें दार उघडें असे, आणि मुली आंत येऊन बसत. आतां, आई आपलें दार लावून कशी घेणार? कचेरीला तें साधतें, घराला नाहीं. १८९३ सालीं सल्लागारांनीं राजीनामे दिले. पालकांनीं मुली काढून नेल्या. केसरीच्या टीकेंत सर्वच अन्याय होता असें मला वाटत नाहीं. पण काढून नेलेल्या मुलींचें पुढें काय, याची विवंचना तींत फारशी नव्हती.

ती धोंडो केशव कर्वे यांनीं वाहिली. सदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशीं त्यांनीं १८९३ सालींच विवाह केला होता. १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली, तेव्हां शिलकेंतले एक हजार रुपये त्यांनीं देऊन टाकले. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं हिंगण्यास जमीन व झोंपडीसाठीं साडेसातशें रुपये दिले. पुण्यांत प्लेगचें भय. म्हणून १९०० सालीं आश्रम त्या माळावर गेला. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवून झालें, कीं कर्वे चिखल तुडवीत तेथवर पायीं जात.

हा पैसा आपल्याच लोकांचा, चार-आठ आण्यांनीं जमलेला. म्हणून तो बिनशर्त होता काय? मुळींच नाहीं. बोस्टनची अट लेखी होती, पुण्याची न बोलतां समजावयाची. ज्या गृहस्थाचें स्वतःचें घर पुनर्विवाहावर उभें, त्यानें आश्रमांतून पुनर्विवाहाचा प्रचार होऊं दिला नाहीं, आणि विवाहोत्तेजक चळवळींतून अंग काढून घेतलें. हें मौन कांहीं सुधारकांना भ्याडपणाचें वाटलें. मला तें हजार रुपयांहून जड वाटतें.

त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांनीं तर आश्रमासाठीं गांवोगांव झोळी फिरविली. १९१८ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. ज्या देशाच्या पैशावरून पुण्यांत एवढें वादळ झालें, तेथेंच परक्यांच्या घरीं घरकाम करून त्यांनीं पोट भरलें, आणि १९२० सालीं त्या हिंगण्यास परतल्या.