‘इनॉगरेशन’ : पक्ष्यांची अनुज्ञा

वाचनालय असो, सभागृह असो वा व्याख्यानमाला, निमंत्रणपत्रिकेच्या इंग्रजी बाजूस ‘इनॉगरेशन’ हा शब्द ठरलेलाच. आपण त्यास ‘उद्घाटन’ म्हणतो. परंतु उद्घाटन म्हणजे उघडणे. मूळ लॅटिन शब्दात उघडण्याचा अर्थ नाही. तेथे आहे ती अनुज्ञेची याचना.

प्राचीन रोममध्ये ‘ऑगर’ नामक शकुनज्ञ असत. पक्ष्यांचे उड्डाण, दिशा आणि रव यांवरून देवांची संमती आहे की नाही, हे ते सांगत. अशी संमती घेऊन एखाद्यास पदावर बसविणे किंवा एखादे स्थळ पवित्र ठरविणे, या क्रियेपासून हा शब्द आला. इतिहासकार लिव्ही सांगतो की, रोमच्या स्थापनेवेळी रेमसला सहा गिधाडे आधी दिसली, रोम्युलसला मागाहून बारा. अग्रक्रम मोठा की संख्या, या वादात रेमस मारला गेला. पुढे नुमाची राजा म्हणून निवड झाली, तेव्हा आपल्याविषयीही देवांना विचारावे, असा आग्रह त्याने स्वतःच धरला. लोकांनी निवडलेला राजाही शकुन होईपर्यंत दगडी आसनावर वाट पाहत बसला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

या कथांना दंतकथेचा रंग आहे खरा. तथापि त्यांतून एक जाणीव प्रकट होते. आरंभास नकारही मिळू शकतो, ही ती जाणीव. इ.स.पू. २४९ मध्ये द्रेपाना येथील आरमारी लढाईपूर्वी शकुनाच्या कोंबड्या दाणे टिपीनात. तेव्हा सेनापती क्लॉडियसने ‘खात नसतील तर पिऊ द्या’ म्हणून त्या समुद्रात फेकविल्या, अशी आख्यायिका आहे. लढाईत त्याचा दारुण पराभव झाला.

कालांतराने पक्षी विस्मृतीत गेले, शब्द उरला. ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्क येथे वॉशिंग्टन यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. त्या सोहळ्यासही हेच नाव आहे. मात्र तेथे आकाशाकडे कोणी पाहिले नाही.

आपणांस हे परके वाटण्याचे कारण नाही. संस्कृतात ‘शकुन’ या शब्दाचा एक अर्थ पक्षी असाच आहे. मराठीत त्यातला पक्षी उडून गेला आणि चिन्ह तेवढे राहिले. शकुनावर विश्वास ठेवावा, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु फीत कापण्यापूर्वी ‘या कार्यास आपण पात्र आहोत काय?’ हा प्रश्न स्वतःस विचारण्याची जी रीत त्या शब्दात दडली आहे, ती मात्र जपण्याजोगी आहे.