बिरसीची धूळ आणि चंदेरी ओरखडे

गोंदियाजवळ, कामठ्याच्या शेजारी असलेली बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात, 1940 मध्ये बांधली. आज तिथे शिकाऊ वैमानिक उडतात. पण युद्धविमानांच्या प्रतिकृती करणाऱ्यासाठी ही जागा एक अवघड प्रश्न उभा करते: 1:72 प्रमाणातले हरिकेन या पट्टीवर ठेवायचे, तर ते किती मळलेले, किती झिजलेले दिसावे? या छंदात अचूकतेला दोन मापे लावली जातात. पंखांवरची चिन्हे आणि क्रमांक यांसाठी पुस्तके धुंडाळली जातात. चिखल, तेलाचे ओघळ, उडालेला रंग मात्र हाताच्या सफाईवर सोपवला जातो. हा भेद मला मान्य नाही. चाकावरचा चिखल दाखवणारा माणूस इतिहासाबद्दल काही विधान करत असतो: हे विमान अमुक महिन्यात अमुक मातीवर उभे होते. या विधानालाही पुरावा लागतो.

जपानी विमानांवर तांबडा गोळा असे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गफलत होऊन आपल्याच विमानावर गोळीबार होऊ नये, म्हणून 1942 च्या मध्यानंतर ब्रिटिश व भारतीय हवाई दलाच्या वर्तुळांतला तांबडा ठिपका काढला गेला आणि पुढे गडद निळ्यात फिकट निळा अशी वर्तुळे रूढ झाली. 1944 च्या विमानावर तांबडा ठिपका दिसला, तर नवशिकाही चूक दाखवील. त्याच हरिकेनच्या शेपटीकडे चंदेरी ओरखडे काढा, कोणी हटकणार नाही, उलट कौतुक होईल. वास्तविक हरिकेनच्या मागच्या अर्ध्या धडावर पत्रा नाहीच. लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेले कापड आहे. रंग कितीही खरवडला तरी तिथे अ‍ॅल्युमिनियम चमकणार कसे? मॉस्किटो तर प्लायवुडचे. भारतातली ही विमाने 1944 च्या अखेरीस लाकडी सांध्यांच्या बिघाडामुळे काही काळ जमिनीवर ठेवावी लागली होती, आणि तरीही त्यांच्या प्रतिकृतींवर चांदीचे ठिपके पडतातच. शिवाय प्रमाणाचा हिशेब आहे. 1:72 मध्ये अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर 36 मिलिमीटरचा टवका. असे पन्नास टवके उडालेले विमान कारखान्यात परत पाठवतील.

मातीचेही तेच. विदर्भ म्हटले की काळी कपाशीची जमीन डोळ्यांपुढे येते, पण गोंदियाचा हा मुलूख धानाचा. इथला शेतकरी जमिनीची कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी अशी प्रतवारी करतो. कन्हार काळी खरी; सिहार मात्र पिवळसर, वाळूमिश्रित आणि बर्डी मुरमाड, तांबूस. यवतमाळचा काळाकुट्ट चिखल बिरसीच्या चाकांना फासला, तर जिल्हाच बदलतो. मे महिन्याची कोरडी धूळ आणि ऑगस्टचा चिखल एकाच पंखाखाली दाखवणारे तर ऋतूही एकत्र करतात.

यावर कोणी म्हणेल, ही कला आहे. थोडी अतिशयोक्ती चालायचीच. काही अंशी खरे आहे. लहान वस्तूवर खोलीतला उजेड वेगळा पडतो, म्हणून रंग किंचित फिका करावा लागतो, पत्र्यांच्या जोडरेषा गडद कराव्या लागतात. पण असलेली रेषा ठळक करणे आणि कापडाखाली धातू काढून दाखवणे या एका जातीच्या गोष्टी नव्हेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: त्या काळची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल, मग रंगाचा पुरावा आणायचा कुठून? काही फिल्मवर तांबडा जवळजवळ काळा उमटतो आणि निळा फिका. तेव्हा छायाचित्रातल्या छटेवरून रंग ठरवू नयेच. तारीख पाहावी आणि त्या वेळचे रंगकामाचे आदेश शेजारी ठेवावेत. ओघळ कुठून कुठे गेला, चाक किती बरबटले, कुठल्या कडेचा रंग पायांनी झिजला, हे सांगायला मात्र कृष्णधवल चित्र पुरते. पालमच्या हवाई दल संग्रहालयातल्या हरिकेन आणि स्पिटफायरकडे बोट दाखवणारेही भेटतात. आकार आणि मापे यांसाठी ती विमाने उत्तमच. पण प्रदर्शनात मांडण्यासाठी जपलेल्या विमानावरचा स्वच्छ रंग 1944 च्या झिजेबद्दल काही सांगत नाही.