चौकटीतलं एकटं झाड

सुरुवात टॅल्बटपासून करू. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने १८४२-४३च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेकॉक या आपल्या गावी हिवाळ्यातल्या एका ओकचा फोटो काढला. पान एक नाही, नुसती फांद्यांची जाळी. यात वार्धक्य, चिवटपणा, एकाकीपण असं बरंच वाचलं जातं. खुशाल वाचावं. पण तेव्हाच्या कागदी निगेटिव्हवर हिरवा रंग नीट उमटत नसे, एक्स्पोजरही लांबलचक. वाऱ्यावर पानं हलली की झाडाचा काळपट ढग व्हायचा. निष्पर्ण झाड मात्र गप्प उभं राहतं.

आता हे दुसरं चित्र बघा, कारण यात डाव मोठा आहे. १८६१, कॅलिफोर्निया. कार्लटन वॉटकिन्स खेचरांवर सामान लादून योसेमिटीत गेला. काचेची एकेक प्लेट साधारण १८ बाय २२ इंच! हा ‘ग्रिझली जायंट’ नावाचा सिक्वोया, आणि बुंध्याशी ही मुंगीएवढी माणसं. पुढच्याच वर्षी वॉटकिन्सचे योसेमिटीचे फोटो न्यूयॉर्कला लोकांनी पाहिले. १८६४मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने ती दरी आणि ही मारिपोसाची राई सार्वजनिक वापरासाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. वातावरण तयार करण्यात या फोटोंचा वाटा होता, असं इतिहासकार मानतात.

पण हे झाड एकटं नाहीच हो! त्या राईत शेकडो सिक्वोया आहेत. एकटं केलं ते चौकटीने. अमेरिकेला युरोपसारखे प्राचीन भग्नावशेष हवे होते, ते तिला झाडात सापडले. माणसाचा हात न लागलेलं, आदिम. मग १८५१चं काय करायचं? वॉटकिन्स पोचण्याच्या दहाच वर्षं आधी ‘मारिपोसा बटालियन’ने दरीतल्या अहवाहनीची लोकांची गावं जाळून त्यांना हुसकावलं होतं. तिथले मूळ रहिवासी रानातलं खालचं गवत-झुडूप ठरवून जाळत. सिक्वोयाला तेच मानवतं : आगीच्या धगीने फळं उघडतात, बी मोकळ्या राखेत रुजतं. ग्रिझली जायंटच्या बुंध्यावर जुन्या आगींचे व्रण आहेत.

संरक्षण करणाऱ्यांनी मात्र पुढे प्रत्येक आग विझवली. म्हातारी झाडं टिकली, रोपं जवळजवळ उगवेनाशी झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उद्यानाने स्वतःच नियंत्रित आगी लावायला सुरुवात केली. २०२२च्या जुलैत वणवा या राईपर्यंत आला, तेव्हा ग्रिझली जायंटच्या बुंध्याशी पाण्याचे फवारे लावले होते. राई वाचली. आधी ठरवून जाळलेल्या पट्ट्यांत वणव्याचा जोर ओसरला, असं तिथले वनतज्ज्ञ सांगतात.